धोंड्याच्या महिन्यातली चमकी

माझ्या बायकोच्या नाकात चार महिने खराट्याची काडी होती. एवढं वाचून कुणी माझ्यावर लगेच गुन्हा दाखल करू नये. आधी सगळं ऐकून घ्यावं.

तिची चमकी, म्हणजे नाकातला तो एका खड्याचा सोन्याचा ठिपका, तोंड धुताना निसटली आणि मोरीतून गेली. आमच्या लातुरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेही दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं. पण त्या दिवशी त्याला असा काही जोर चढला होता की मोरीत मी पडलो असतो तर मीही थेट मांजरा नदीला लागलो असतो. मी गल्लीच्या टोकापर्यंत नाली उकरली. दोन चमचे निघाले, बाहुलीचा एक हात निघाला, शेजारच्या काकांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली कवळी निघाली आणि काकांनी ती धुऊन लगेच लावलीसुद्धा. चमकी तेवढी निघाली नाही.

नाकाचं भोक रिकामं ठेवलं की बुजतं, म्हणून बायका त्यात एखादी बारीक काडी घालून ठेवतात. दोन-चार दिवसांपुरती. मी म्हणालो, "आईला सांगतो, उद्याच घेऊन येईल दुसरी."

"आईंना सांगू नका," बायको म्हणाली. "बारा वर्षं झाली मला या घरात. मंगळसूत्र आईंनी निवडलं. जोडवी वैनींनी निवडली. साड्या तर दोघी मिळून निवडतात आणि मला फक्त रंग उडतो का ते बघायला देतात. तुम्ही सोताच्या डोळ्यांनी बघून, कुणाला न विचारता, एक वस्तू आणा. मुगाएवढी असली तरी चालंल. तवर ही काडी हाय."

"एवढंच ना?" मी म्हणालो. माझ्या तोंडातून आजवर जितकी मूर्ख वाक्यं गेली, त्यांच्या रांगेत हे वाक्य पाटलासारखं पुढं उभं आहे.

कारण आमच्या घरात एकीला आणलं की सगळ्यांना आणावं लागतं. कायद्यात पळवाट असते, आमच्या आईकडं नसते. एकदा मी बायकोसाठी चांदीचे पैंजण घ्यायला गंजगोलाईतल्या आमच्या सराफाकडं गेलो होतो. आमच्या म्हणजे आजोबांपासूनच्या. त्या माणसाला माझ्या आत्याच्या नथीचं वजन तोंडपाठ आहे. मी पैंजण खिशात घालून गोलाईला एक वळसा घातला, घरी पोचलो, तर वैनी दारात पाय पुढं करून उभी. "भावजी, माझे जरा घुंगरांचे सांगितले बरं का मी." मी पायऱ्या उतरेपर्यंत सराफानं फोन लावला होता, आणि आईनं त्याच फोनवर आणखी दोन जोड सांगून टाकले होते. एक वैनीचा आणि एक बहिणीचा, जी उदगीरला नांदते आणि जिला पैंजण टोचतात म्हणून ती घालत नाही. न्याय म्हणजे न्याय.

पैंजण चांदीचे होते म्हणून निभावलं. आता सोन्याचा भाव असा झालाय की सराफाच्या दुकानावरून नुसतं गेलं तरी खिसा हलका झाल्यासारखा वाटतो. माझा धंदा पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. मी तांब्याचा माणूस. सोन्यातला मला झेपेल असा एकच दागिना जगात उरला होता, चमकी. तोही एकच. तीन चमक्या घ्यायच्या तर स्वतःलाच रिवाइंड करून विकावं लागलं असतं.

आज-उद्या करता करता चार महिने होत आले, तेव्हा मी डोकं चालवलं. हे माझं नेहमीचं दुखणं आहे. लातुरात घ्यायचं नाही, नांदेडला जायचं. तांब्याची तार आणायला मी तसाही महिन्या-दोन महिन्यांनी नांदेडला जातोच. तिथं आमच्या घराण्याला ओळखणारा एकही सराफ नाही. सासरवाडी तिथलीच, पण ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सासऱ्यांना कळायचं कारणच नव्हतं.

आईला सांगितलं, तार आणायला चाललो. एसटीत बसलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, उन्हानं खिडकीची सळई अशी तापली होती की तिच्यावर पापड भाजून निघाला असता. मी मात्र मनातल्या मनात चमक्या बघत होतो. या सगळ्या अक्कलहुशारीत एक क्षुल्लक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. अधिक महिना चालू होता. धोंड्याचा महिना.

या महिन्यात आमच्याकडं जावई म्हणजे देव. त्याला सासरवाडीला बोलावतात, पाटावर बसवतात, पाय धुतात, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खायला घालतात आणि वर वाण देतात. कुणी कपडे देतं, कुणी चांदीचा दिवा, कुणी अंगठी. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना, त्यामुळं जावई तीन वर्षं वाट बघतात आणि सासरे तीन वर्षं धसका घेतात. अशा महिन्यात सासरवाडीच्या गावात, भर बाजारात, सराफाच्या गादीसमोर एकटा जाऊन बसलेला जावई कुणी पाहिला तर त्याला काय वाटेल, हे आमच्या मराठवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही.

दुकान छान होतं. शेठ गोल, गोरे, कपाळाला गंध. त्यांनी चमक्यांचा ट्रे पुढं केला. मी तासभर त्यात डोकं घातलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की निवडणं हे किती बेजार करणारं काम आहे. आमच्या घरातल्या बायका ते रोज कसं करतात देव जाणे. पांढऱ्या खड्याची म्हणावी तर सगळ्यांकडंच असते. फुलाची म्हणावी तर पाकळ्या रुतणाऱ्या. शेवटी एक हिरव्या खड्याची दिसली. पोपटी हिरवी. सिग्नल सुटल्यासारखी. मला ती एकदम पटली.

"हीच," मी म्हणालो. "फक्त मजुरी कमी लावा, शेठ."

"मजुरी ठरलेली असते, पाव्हणं."

आणि इथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही त्याच महिन्यात. मी छाती पुढं काढून म्हणालो, "ठरलेली परक्याला. मी तर या गावचा जावई हाव."

शेठ चमक्यांचा ट्रे सोडून सरळ बसले. "कोणाचे हो?"

मी सासऱ्यांचं आडनाव सांगितलं. वर हौसेनं भर घातली की ते एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत.

"अरे बापरे! मास्तरसारखी शिस्तीची गाडी चालवायचे ते. माझं कॉलेजचं सगळं शिक्षण त्यांच्या गाडीत उभं राहून झालंय," शेठ म्हणाले आणि त्यांचा हात फोनकडं गेला. लातूर काय, नांदेड काय, सराफाचा हात सोन्यापेक्षा फोनवर जास्त चालतो. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी फोनमध्ये सांगूनही टाकलं, "मामा, तुमचे जावई इथं येऊन बसलेत बघा. हाव, दुकानात. एकटेच. हाव, सोनंच बघून राहिलेत."

त्या वेळी जर मला कुणी मोटारीच्या वार्निशमध्ये बुडवून भट्टीत ठेवलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

सासरे इतक्या लवकर आले की एसटी खात्यानं त्यांना विमानखात्याला का दिलं नाही असा प्रश्न पडावा. खांद्यावर टॉवेल, घामानं भिजलेला शर्ट, एका पायात चप्पल त्यांची आणि एका पायात बहुतेक मेव्हण्याची. आल्याआल्या त्यांनी हात जोडले. माझ्यापुढं! ज्या माणसानं घाटात ब्रेक गेलेली गाडी नुसती दटावून उभी केली म्हणतात, त्यानं.

"जावईबापू, आम्ही बोलावणारच होतो हो. येत्या रविवारचंच ठरलं होतं. तुम्हाला असं सोताहून यावं लागलं, आमची चूक झाली."

"मामा, तसं काही नाही..."

"काही बोलू नका. शेठ, चांदीचा दिवा काढा."

"नको हो मामा, खरंच नको."

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. धोंड्याच्या महिन्यात जावयानं "नको" म्हटलं की त्याचा अर्थ "एवढ्यावर भागणार नाही" असा होतो. मला कुणी तो अर्थ शिकवला नव्हता. दिव्याला नको म्हटलं, तर ताम्हन आलं. ताम्हनाला नको म्हटलं, तर चांदीची अंगठी आली. तिला मी दोन्ही हातांनी नको म्हटलं, तर सासरे खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवत म्हणाले, "शेठ, सोन्याची दाखवा."

तुम्ही म्हणाल, खरं का सांगितलं नाही? सांगायला तोंड उघडलं होतं हो! पण खरं सांगितलं असतं की तुमच्या लेकीसाठी चमकी बघतोय, तर सासरे म्हणाले असते, लेकीची चमकी तर बापानंच घ्यायची. आणि ती त्यांनी घेतलीच असती. मग ती माहेरची चमकी झाली असती, आणि माझी बायको आयुष्यभर मला म्हणाली असती की बारा वर्षांत एक मुगाएवढी वस्तू सांगितली, तीही बापाला घ्यायला लावली. म्हणून मी ती हिरवी चमकी हळूच ट्रेमध्ये मागं सारली आणि शेठना डोळा मारला, म्हणजे याबद्दल बोलू नका.

शेठनी मान डोलावली, सासऱ्यांच्या कानाला लागले आणि म्हणाले, "जावई लाजून राहिलेत. जरा भरीव दाखवू का?"

मी डोळा मारणं त्या दिवसापासून बंद केलंय.

भरीव अंगठी आली. सासऱ्यांनी ती हातात घेतली, किंमत विचारली आणि मग शांतपणे आपल्या बोटातली जुनी अंगठी काढायला लागले. ती निघेना. स्टेअरिंगवर तीस वर्षं फिरलेलं बोट, गाठी आलेलं. शेठनी आतून साबण मागवला. मी दोनदा त्यांचा हात धरला, दोनदा त्यांनी झटकला. शेवटी अंगठी निघाली आणि बोटावर एक पांढरा पट्टा राहिला. ती अंगठी त्यांनी मोडीत दिली, वर खिशातले पैसे घातले आणि नवी अंगठी माझ्या बोटात सरकवली. मी जर आणखी एकदा नको म्हटलं असतं तर बहुधा घर गेलं असतं. म्हणून गप्प बसलो.

"जावई खूश ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"खूश," मी म्हणालो. आवाज जळालेल्या मोटारीसारखा आला.

लातूरला पोचलो तेव्हा तार आणायची राहिलीच होती, चमकी नव्हती, आणि बोटात अंगठी होती. घरी बातमी माझ्या आधी एसटीत बसून आली होती. आई खूश. "जावई म्हणून माझ्या लेकाला किंमत हाय तिकडं!" वैनी अंगठी उजेडात फिरवून बघत होती. "भावजी, आमच्या ह्यांना तर माझ्या माहेरानं नुसता टॉवेल दिला."

बायको भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "बाबांकडनं अंगठी मागून घेतलीत?"

"अगं, मी मागितली नाही. मी तर नको नको म्हणत होतो."

"नको कसं म्हणालात?"

"हातानं. तोंडानं. सगळ्यानं."

तिनं भाकरी तव्यावर अशी टाकली की तवा दचकला. "ती अंगठी आमच्या आज्यानं दिली होती बाबांना, नोकरी लागली तेव्हा. झोपतानासुद्धा काढत नव्हते ते. मी लहान असताना बघायची, बाबा ती बोटातल्या बोटात फिरवत फिरवत झोपायचे." मग म्हणाली, "चमकी राहू द्या. मला नको आता. बाबांची अंगठी त्यांच्या बोटात घाला, एवढं करा. आणि त्यांचा अपमान होऊ न देता करा."

तिचं "नको" धोंड्याचं नव्हतं. ते अगदी खरं होतं, आणि खरं नको हे फार जड असतं. चमकीपुरता प्रश्न होता तोवर मी नुसता मूर्ख होतो. आता मी सासऱ्याचं बोट उघडं करणारा जावई झालो होतो. दिलेलं वाण परत करणं म्हणजे त्यांच्या तोंडावर फेकण्यासारखं, आणि ठेवणं म्हणजे रोज भाकरीबरोबर बोलणी खाणं. चार दिवस मी दुकानात मोटारी उलट्या गुंडाळल्या. एका शेतकऱ्याची मोटार पाणी वर ढकलायच्या ऐवजी विहिरीतच फिरवत बसली म्हणे.

रविवारी आम्ही दोघं नांदेडला निघालो, रीतसर धोंडे खायला. वाटभर ती खिडकीकडं तोंड करून. काडी बदललेली होती, नवी बारीक घातली होती, कारण भोक आवळत चाललं होतं. स्टँडवर उतरल्यावर म्हणालो, "तू हो पुढं. मी फळं घेऊन येतो."

धोंड्याच्या महिन्यात सराफाला रविवार नसतो. दुकान उघडंच होतं. शेठनी मला बघितलं आणि हात फोनकडं गेला. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, चांगला जड.

"शेठ, आज फोन केला तर दुकानातल्या पंख्याची मोटार जाळून जाईन. माझा धंदाच तो हाय. मामांची जुनी अंगठी वितळवली का?"

"न्हाई अजून. मोड महिन्याच्या शेवटी जाते."

त्या क्षणी मी त्या माणसाला मिठीच मारणार होतो, पण मधी काच होती. नवी अंगठी दिली, जुनी घेतली, मामांचे वरचे पैसे त्यांच्या नावानं पाकिटात घालून घेतले. मग उठता उठता पुन्हा बसलो.

"आणि ती हिरवी चमकी."

"मजुरी ठरलेली हाय," शेठ सावधपणे म्हणाले.

"पूर्ण लावा. मी या गावचा कुणी नाही."

सासरवाडीत पाट मांडला होता, भोवती रांगोळी. शेजारच्या बायका जावई बघायला जमल्या होत्या. सासऱ्यांनी पाय धुतले. मला त्यांच्या बोटावरचा पांढरा पट्टा पाण्यातून दिसत होता. सासूबाईंनी ताट वाढलं, धोंडे, वर तुपाची धार. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"घ्या ना, जावईबापू."

मी ढिम्म.

जावई रुसला! मराठवाड्यात नदीला पूर आल्याची बातमी एवढ्या वेगानं पसरत नाही. दारातली एक बाई दुसरीला म्हणाली, "मोटरसायकल पाहिजे आसंल." दुसरी म्हणाली, "बाई, अंगठी तर परवाच घेतली म्हणं की!" बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडं अशी बघत होती की पुरणाची उष्णता कमी वाटावी. सासऱ्यांचा चेहरा पडला. "काय पाहिजे, बोला. होईल तेवढं करू."

मी खिशातून अंगठी काढली. "ही तुमच्या बोटात पाहिजे. मग जेवतो."

ते अंगठीकडं बघतच राहिले. मग आवाज चढला, ड्रायव्हरचा. "दिलेलं वाण परत करून राहिलात?"

"परत करून नाही राहिलो मामा. मागून राहिलो. धोंड्याच्या ताटावर जावयानं मागितलेलं नाही म्हणता येतं का?"

सासरे सासूबाईंकडं बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "नाही म्हणता येत. घाला गपचिप, धोंडे गार होऊन राहिले."

घालताना साबण लागला नाही. "पण वाण?" ते पुटपुटले. "जावई रिकामा कसा पाठवू?"

"तांब्याचा दिवा द्या. मी तांब्याचाच माणूस." मग मी सोळा धोंडे खाल्ले. लोक अकरा म्हणतात, पण लोकांना मोजता येत नाही. वरच्या पैशांचं पाकीट मी निघताना सासूबाईंच्या पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

जेवणानंतर बायको मागच्या खोलीत आली. मी चमकीची पुडी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उघडली. मग आरशापुढं जाऊन काडी काढली आणि चमकी आत सारायला लागली. भोक आवळलेलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, दुखल्याचं असेल. मी विचारलं, "दुखलं का?" तर म्हणाली, "हाव, गप बसा." चमकी बसली.

"हिरवी?" ती आरशातून म्हणाली.

"का, वाईट दिसती?"

तिनं काडी खिडकीतून बाहेर टाकली.

संध्याकाळी लातूरला पोचलो. आई ओट्यावर बसली होती, वैनी शेजारी. बायको पदर सावरून पायऱ्या चढली आणि मावळतीचा उजेड नेमका तिच्या नाकावर पडला. खडा असा चमकला की गल्लीतली रिक्षा सिग्नल समजून सुटायची. वैनीनं मान पुढं काढली. आता आणखी दोन चमक्या, असा हिशोब मी मनातल्या मनात मांडून टाकला आणि भिंतीला टेकलो.

आईनं चष्मा वर केला. "माहेरची का?"

"न्हाई," बायको म्हणाली. "ह्यांनी आणली. ह्यांनीच निवडली."

आईनं त्या पोपटी ठिपक्याकडं बघितलं. वैनीनं बघितलं. मग वैनी घाईनं म्हणाली, "भावजी, माझ्यासाठी राहू द्या बरं का. एवढी तकलीफ घेऊ नका." आई म्हणाली, "आणि तिकडं उदगीरलाही राहू दे."

बायको आत गेली. जाताना तिनं चमकीवर एकदा बोट फिरवलं, आपल्या बापासारखंच.